पन्नास फेनिगांचे मालक

१९ ऑक्टोबर १८९० हा रविवार होता. बर्लिनच्या पूर्वेकडच्या कामगारवस्तीत, ओस्टेंड थिएटर नावाच्या नाट्यगृहात, त्या दुपारी इब्सेनच्या ‘समाजाचे आधारस्तंभ’ या नाटकाचा प्रयोग झाला. रविवार दुपारच निवडायला कारण होतं. बाकीचे सहा दिवस प्रेक्षकांना कामातून सवड नसे. खुर्च्यांवर बसलेली ही माणसं तिकीट काढून आलेली नव्हती. नाट्यगृहाचं भाडं त्यांच्या वर्गणीतून गेलं होतं, नटांचे पैसे त्यांच्या वर्गणीतून गेले होते आणि नाटक कोणतं करायचं हे त्यांनीच निवडून दिलेल्या मंडळींनी ठरवलं होतं. आपल्या नाट्यव्यवसायाच्या भाषेत सांगायचं, तर त्या प्रयोगाचे निर्माते तेच होते. संस्थेचं नाव ‘फ्राय फोल्क्सब्यूने’, म्हणजे मुक्त लोकरंगभूमी.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीखाली दर छापलेले असतात. पुढच्या रांगा महाग, मागच्या स्वस्त, बाल्कनी त्याहून स्वस्त. ज्याच्या खिशात जेवढं, तेवढा तो रंगमंचाजवळ. फ्राय फोल्क्सब्यूनेने हे मुळातच मोडून काढलं. प्रयोगाला सर्वांनी सारखेच पन्नास फेनिग, म्हणजे अर्धा मार्क, भरायचे आणि आत जाताना भांड्यात हात घालून चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर लिहिलेली जागा आपली. आज पहिली रांग मिळाली तर पुढच्या महिन्यात अगदी मागची. मला या साऱ्या इतिहासात ही सोडत सर्वांत मोलाची वाटते. समतेवर भाषणं देणाऱ्या संस्था त्या काळात पुष्कळ होत्या; या संस्थेने मात्र ती समता आसनव्यवस्थेत उतरवून दाखवली.

सभासद होण्याची ही कल्पना मुळात कायद्यातल्या एका फटीतून आली. बर्लिन ज्या राज्यात होतं त्या प्रशियात सार्वजनिक नाट्यप्रयोगाला पोलिसांची परवानगी लागे. संहिता आधी त्यांच्याकडे द्यावी लागे. मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. ब्रिटिशांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर कायदा आणला आणि पुढे १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. बर्लिनमध्ये मात्र एखाद्या खासगी संस्थेने फक्त आपल्या सभासदांपुढे केलेला प्रयोग सार्वजनिक धरला जात नसे. १८८९ साली ऑटो ब्राम आणि त्यांच्या मित्रांनी याच फटीचा फायदा घेऊन ‘फ्राय ब्यूने’ ही संस्था काढली, इब्सेनचं ‘भुतं’ केलं, गेरहार्ट हाउप्टमान या तरुण नाटककाराचं पहिलं नाटक रंगमंचावर आणलं. पण तिचे सभासद लेखक, समीक्षक, सुशिक्षित आणि सुस्थितीतले लोक होते. ज्यांच्या आयुष्याबद्दल ती नाटकं बोलत होती, त्यांना वर्गणी परवडणारी नव्हती.

तीस वर्षांच्या ब्रूनो विले या लेखकाला हे खटकलं. कामगारांच्या सभांतून व्याख्यानं देणारा हा माणूस. १८७८ पासून जर्मनीत समाजवाद्यांविरुद्ध कायदा लागू होता. त्यांच्या संघटना, सभा, वृत्तपत्रं यांच्यावर बंदी होती. बारा वर्षं कामगार गायनमंडळं आणि वाचनमंडळं यांच्या आडोशाने भेटत होते, शिकत होते. जानेवारी १८९० मध्ये राइशटागने, म्हणजे जर्मन संसदेने, या कायद्याला मुदतवाढ नाकारली. २० मार्चला तो कायदा आणणारे चॅन्सेलर बिस्मार्क पायउतार झाले. तीनच दिवसांनी, २३ मार्चच्या ‘बर्लिनर फोल्क्सब्लाट’मध्ये विले यांचं आवाहन छापून आलं: कामगारांनी स्वतःची रंगभूमी उभारावी. २९ जुलैला एका मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या सभागृहात सभा भरली आणि सुमारे दोन हजार माणसं आली. सप्टेंबरअखेर तो जुना कायदा संपला आणि त्यानंतर तीन आठवड्यांत इब्सेनच्या नाटकाचा पडदा वर गेला. इतक्या वर्षांची दबलेली भूक त्या घाईत दिसते.

भूक खरी होती, पण जेवायला काय वाढायचं यावर दोनच वर्षांत भांडण झालं. विले आणि त्यांच्याबरोबरचे लेखक म्हणत, नाटक निवडणं हे कलेची जाण असलेल्यांचं काम आहे, ते सभेतल्या हात वर करण्यावर सोडता येणार नाही. समोरचे म्हणत, संस्था कामगारांची आहे, तर शेवटचा शब्दही कामगारांचाच हवा. ऑक्टोबर १८९२ मध्ये भर सभेत विले हरले आणि बाहेर पडले. त्यांनी ‘नॉय फ्राय फोल्क्सब्यूने’ ही नवी संस्था काढली. जुन्या संस्थेचं अध्यक्षपद फ्रान्त्स मेरिंग यांच्याकडे आलं. मेरिंग म्हणजे पुढे कार्ल मार्क्सचं चरित्र लिहिणारे इतिहासकार. त्यांना नाटकाबद्दल प्रेम होतं, पण रंगभूमी कामगारवर्गाला मुक्त करील असा भ्रम त्यांनी कधी बाळगला नाही. एका गावात दोन भजनी मंडळं झाली की जी चुरस लागते, तशीच ती या दोन संस्थांत लागली. आणि त्यातून बर्लिनच्या कामगारांना एकूण नाटकं जास्तच पाहायला मिळाली.

या भांडणात बरोबर कोण, हे ठरवणं मला अवघड जातं. कारखान्यातल्या माणसाला चांगलं नाटक कळत नाही असं मानणं हा विले यांच्या बाजूचा दोष. पण संस्थेच्या सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हेही ठाऊक असतं की कलेचा निर्णय बहुमताने केला की पुष्कळदा सगळ्यांना चालेल असं काहीतरी निवडलं जातं. फोल्क्सब्यूनेच्या पुढच्या सगळ्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा उठला आणि तो कोणालाच पुरता सोडवता आला नाही.

१८९३ साली दोन्ही संस्थांनी एकच नाटक केलं. हाउप्टमानचं ‘विणकर’. सिलेशियातल्या हातमाग विणकरांनी १८४४ साली व्यापाऱ्यांविरुद्ध बंड केलं आणि लष्कराने ते चिरडलं. ती ही गोष्ट. या नाटकाला एक नायक नाही, उपाशी माणसांचा अख्खा समूहच नायक. बर्लिनच्या पोलिसांनी ते १८९२ सालीच नाकारलं होतं. डॉइचेस थिएटर हे प्रतिष्ठित नाट्यगृह परवानगीसाठी न्यायालयात गेलं आणि २ ऑक्टोबर १८९३ रोजी प्रशियाच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने परवानगी दिली. निकालातलं कारण वाचून आजही थबकायला होतं: या नाट्यगृहातल्या बहुतेक जागा महाग आहेत, त्यामुळे हिंसेला प्रवृत्त होतील अशी माणसं तिथे फारशी येणारच नाहीत. म्हणजे नाटक धोकादायक आहे की नाही, ते तिकिटाच्या दरावर ठरलं. आणि त्याच महिन्यात नव्या संस्थेने व डिसेंबरात जुन्या संस्थेने तेच नाटक पन्नास फेनिगांत, न्यायालयाला ज्यांची धास्ती होती नेमक्या त्याच माणसांपुढे केलं.

त्याआधी फेब्रुवारीत फ्राय ब्यूनेने केलेला ‘विणकर’चा पहिला प्रयोग पाहायला एक तरुण चित्रकर्ती गेली होती. क्येटे कोलवित्स. तिचा नवरा बर्लिनच्या उत्तर भागात कामगारांच्या विमा निधीचा डॉक्टर होता, घरात रोज कामगारांच्या बायका येत असत. प्रयोग पाहून तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि विणकरांच्या बंडावर सहा मुद्राचित्रांची मालिका हाती घेतली. त्या मालिकेला चार-पाच वर्षं लागली. १८९८ साली ती प्रदर्शनात मांडली गेली, परीक्षकांनी सुवर्णपदक सुचवलं आणि कैसर दुसरा विल्हेल्म याने ते नामंजूर केलं. डॉइचेस थिएटरने ‘विणकर’ सुरू केल्यावर तिथला आपला राखीव बॉक्स सोडून देणारा कैसर तोच.

क्येटेचा भाऊ कॉनराड श्मिट याचा आपल्या गोष्टीशी आणखी जवळचा संबंध आहे. १८९५ मध्ये पोलिसांनी ठरवलं की या संस्था आता इतक्या मोठ्या झाल्या आहेत की त्यांचे प्रयोग खासगी म्हणता येणार नाहीत. त्यांनीही संहिता दाखवाव्यात. प्रकरण न्यायालयात गेलं, संस्था हरली. मग मेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेन्सॉरपुढे मान तुकवण्यापेक्षा १८९६ मध्ये संस्थाच विसर्जित केली. पुढच्या वर्षी तिची पुन्हा स्थापना झाली आणि अध्यक्ष झाले कॉनराड श्मिट. जिच्याकडे स्वतःची एकही वीट नाही अशा संस्थेला ‘नाही’ म्हणून उठून जाता येतं आणि वर्षभराने परतही येता येतं. तेव्हा कोणाचं कर्ज नव्हतं, छपराची दुरुस्ती नव्हती, पगारदार नटसंच नव्हता. फोल्क्सब्यूनेचे सभासद सर्वांत पक्के मालक कधी होते असं कोणी विचारलं, तर मी याच बिनइमारतीच्या वर्षांकडे बोट दाखवीन.

पण भाड्याच्या जागेत किती दिवस काढायचे? नव्या शतकात सभासद झपाट्याने वाढले. विशेषतः विले यांची नवी संस्था फोफावली. माक्स राइनहार्ट यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या नाटकांचे प्रयोग ती आपल्या सभासदांसाठी ठोक भावात घेऊ लागली. दोन्ही संस्थांचे मिळून साठ-सत्तर हजार सभासद झाले, तेव्हा १९१३ साली त्यांनी जुनं वैर बाजूला ठेवून हातमिळवणी केली. स्वतःचं नाट्यगृह बांधायचं ठरलं. सभासदांनी नेहमीच्या वर्गणीखेरीज पैसे दिले. कोणी बांधकामनिधीत भर घातली, कोणी साठवलेली रक्कम व्याजाने संस्थेला कर्जाऊ दिली. बर्लिनमध्ये अजूनही या नाट्यगृहाबद्दल बोलताना ‘कामगारांचे ग्रोशन’ असा उल्लेख करतात; ग्रोशन म्हणजे दहा फेनिगांचं नाणं. पण तेवढ्यावर भागणारं नव्हतं. एकूण खर्च ४५ लाख मार्कांच्या आसपास गेला आणि बर्लिन शहराने मोठं तारणकर्ज दिलं तेव्हा तो पेलला.

जागा मिळाली ती शॉयनेनफिअर्टल या वस्तीत. सतराव्या शतकात आगीच्या भीतीने गवताची कोठारं शहराच्या कोटाबाहेर हलवली होती, त्यावरून वस्तीला ‘कोठारांची पेठ’ असं नाव पडलं. पुढे कोट गेला, कोठारं गेली, दाटीवाटीची घरं आली आणि पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू तिथे राहू लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने त्यातला मोठा भाग पाडून चौक मोकळा केला. त्या ब्यूलोप्लाट्सवर १४ सप्टेंबर १९१३ रोजी पायाभरणी झाली. वास्तुरचनाकार ऑस्कार काउफमान हे हंगेरीत जन्मलेले ज्यू. त्यांनी दगडी, उंच खांबांचा दर्शनी भाग दिला आणि आत प्रेक्षागृहाच्या भिंतींना तांबूस महोगनी लाकडाचं आच्छादन. फिरता रंगमंच होता, त्या काळातली उत्तम यंत्रसामग्री होती, दोन हजारांच्या आसपास माणसांना बसायची सोय होती. इमारतीवर अक्षरं कोरली: कला लोकांसाठी. कामगारांसाठी बांधायचं म्हणून त्यात कुठेही काटकसरीचा कळकटपणा नव्हता. ज्याने कधी महोगनीला हात लावला नसेल त्याच्या पाठीमागे महोगनीची भिंत असावी, ही दृष्टी मला फार मोठी वाटते.

३० डिसेंबर १९१४ रोजी ब्यर्नसनच्या एका सुखात्मिकेने उद्घाटन झालं. तोवर महायुद्ध सुरू होऊन पाच महिने झाले होते. ज्यांनी पैसे साठवले त्यातले कितीतरी सभासद तेव्हा खंदकांत होते. नव्या घराचं कर्ज होतंच, प्रेक्षक पांगले होते; संस्थेला आपलं नाट्यगृह चालवायला दुसऱ्याकडे सोपवावं लागलं. १९१५ ते १९१८ ते माक्स राइनहार्ट यांच्याकडे होतं. बांधून वर्षही झालं नव्हतं, आणि मालकांनी घर चालवायला दिलं.

युद्धानंतर, १९२० मध्ये, दोन्ही संस्था कायमच्या एक झाल्या. वायमार प्रजासत्ताकात पोलिसांचं पूर्वपरीक्षण गेलं आणि ज्या फटीतून सभासदत्वाची कल्पना निघाली होती तिची गरजच उरली नाही. तरीही सभासद वाढतच गेले. विशीच्या दशकाच्या मध्याला ते १ लाख ४० हजारांच्या घरात होते. सप्टेंबर १९२१ मध्ये युर्गन फेलिंग यांनी इथे अर्न्स्ट टोलरचं ‘समूह आणि माणूस’ केलं, तेव्हा नाटककार बव्हेरियात तुरुंगात होता.

मे १९२४ मध्ये एर्विन पिस्काटोर हा तरुण दिग्दर्शक पाहुणा म्हणून आला. नाटक होतं ‘झेंडे’, शिकागोच्या १८८६ च्या कामगार लढ्यावरचं. पिस्काटोर यांनी रंगमंचाच्या बाजूला पडदे लावून त्यावर छायाचित्रं आणि मजकूर प्रक्षेपित केला. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी रंगमंचावर चित्रपट आणला, बातमी आणली, यंत्रं आणली. ब्रेख्त ज्या रंगभूमीसाठी ओळखला जातो तिची पुष्कळशी अवजारं इथे घासूनपुसून तयार झाली. संस्थेचे तरुण सभासद त्यांच्यावर लुब्ध होते. व्यवस्थापन मात्र धास्तावलेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की आपले सभासद वेगवेगळ्या मतांचे आहेत, नाट्यगृह कुठल्या एका पक्षाचं व्यासपीठ होता कामा नये.

मार्च १९२७ मध्ये एम वेल्क यांच्या ‘गॉटलँडवरचं वादळ’ या नाटकावर ठिणगी पडली. नाटक चौदाव्या शतकाच्या अखेरच्या समुद्री बंडखोरांचं. पिस्काटोर यांनी एका पात्राला लेनिनचा चेहरा दिला आणि चित्रपटात मध्ययुगातल्या बंडखोरांना क्रांतीमागून क्रांती पार करत आजच्या काळात आणून सोडलं. व्यवस्थापनाने प्रयोग सुरू झाल्यावर चित्रपटाला कात्री लावली. नटांनी, लेखकांनी, तरुण सभासदांनी निषेधसभा भरवली. पिस्काटोर बाहेर पडले. सेन्सॉरला नकार देण्यासाठी जी संस्था एकदा स्वतःला मोडून बसली होती तिनेच आता कात्री उचलली, याचं मला दुःख होतं. तटस्थतेची त्यांची अडचण मी समजू शकतो. पण तटस्थ राहायचं असेल तर त्या दिग्दर्शकाला बोलवायचं नाही. बोलावून मग कापायचं, हे बरोबर नाही. आणि यामागे इमारत होती, असं मला वाटतं. कर्ज असलेल्या, नगरपालिकेशी बांधलेल्या, दीड लाख माणसांच्या संस्थेला १८९६ सारखं उठून जाता येत नाही.

पिस्काटोर यांनी त्याच वर्षी शहराच्या पश्चिमेला, नोलेंडॉर्फप्लाट्सवर, स्वतःचं थिएटर काढलं. फोल्क्सब्यूनेच्या हजारो तरुण सभासदांनी स्वतंत्र विभाग करून तिथले प्रयोग घेतले. पण भांडवल एका उद्योगपतीचं होतं, समोरच्या महाग खुर्च्यांवर श्रीमंत प्रेक्षक बसत आणि १९२८ मध्ये ते दिवाळ्यात निघालं.

ब्यूलोप्लाट्सवर तोवर नाटकाबाहेरचं नाटक सुरू झालं होतं. याच चौकात १९२६ पासून कम्युनिस्ट पक्षाची कचेरी होती. ऑगस्ट १९३१ मध्ये इथेच दोन पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि चौकाला होर्स्ट वेसेल या त्यांच्या ‘हुतात्म्या’चं नाव दिलं गेलं. फोल्क्सब्यूनेच्या कारभारात त्यांनी आपली माणसं बसवली. सभासदांच्या सभेला अर्थ उरला नाही. १९३९ मध्ये संस्थाच बरखास्त झाली. जिने काउफमान यांना काम दिलं, त्या संस्थेची ही गत होत असताना ते स्वतः देशाबाहेर होते. १९३३ मध्ये ते पॅलेस्टाइनला गेले आणि तेल अवीवमध्ये त्यांनी हबिमा या नाट्यसंस्थेचं नाट्यगृह आखून दिलं. हबिमाही तेव्हा नटांनी सामूहिक मालकीने चालवलेली संस्था होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

युद्धात बाँबहल्ल्यांत इमारतीचं मोठं नुकसान झालं. बर्लिन दुभंगलं, तशी फोल्क्सब्यूनेही दुभंगली: घर पूर्वेला राहिलं आणि संस्था पश्चिमेला उभी राहिली. पूर्वेत १९५४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बांधलेली इमारत उघडली, पण आता ती सरकारी होती. पहिले संचालक फ्रित्स विस्टेन. नाझी काळात ज्यू कलावंतांना फक्त ज्यू प्रेक्षकांपुढे प्रयोग करायची मुभा होती. त्या ज्यू सांस्कृतिक संघाचं थिएटर १९४१ मध्ये बंद होईपर्यंत विस्टेन चालवत होते. ते जिवंत राहिले आणि कामगारांच्या पैशांतून उभ्या राहिलेल्या घरात आले, यात मला काही एक न्याय दिसतो.

पश्चिमेत संस्थेचे जुने सचिव झीगफ्रीड नेस्ट्रीप्के यांनी १९४७ मध्ये ‘फ्राय फोल्क्सब्यूने’ पुन्हा सुरू केली. ओस्टेंडच्या दिवसांतलं नाव परत आलं, सभासद परत आले. १९६२ मध्ये संस्थेने आपल्या थिएटरचा संचालक म्हणून कोणाला नेमावं? पिस्काटोर यांना. पस्तीस वर्षांपूर्वीचं भांडण दोघांनीही गिळलं. फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांनी रॉल्फ होखहूटचं ‘प्रतिनिधी’ केलं आणि ज्यूंच्या संहारावेळी पोप गप्प का राहिले, हा प्रश्न भर रंगमंचावर विचारला. मे महिन्यात शापरश्ट्रासवर संस्थेचं स्वतःचं नवं नाट्यगृह उघडलं. वास्तुरचनाकार फ्रित्स बोर्नेमान, भरपूर काच आणि मोकळा प्रकाश. १९६५ मध्ये आउशवित्स खटल्याच्या साक्षींवरून पेटर वाइस यांनी लिहिलेलं ‘तपास’ इथे आणि जर्मनीतल्या दोन्ही बाजूंच्या बऱ्याच रंगमंचांवर एकाच दिवशी झालं. तारीख होती १९ ऑक्टोबर. पहिल्या प्रयोगाला त्या दिवशी पंचाहत्तर वर्षं होत होती. पुढच्या मार्चमध्ये पिस्काटोर वारले.

बर्लिनची भिंत पडल्यावर एका शहरात खूप नाट्यगृहं झाली आणि पैसा कमी पडला. सिनेटने, म्हणजे शहराच्या सरकारने, पश्चिमेतल्या थिएटरचं अनुदान थांबवलं. शापरश्ट्रासची इमारत संस्थेच्या हातून गेली आणि आता तिथे बर्लिनचे महोत्सव भरतात. संस्था टिकून आहे. सभासदांना शहरातल्या नाटकांची, ऑपेरांची, मैफलींची तिकिटं ती मिळवून देते.

पूर्वेच्या, काउफमान यांच्या घरात १९९२ पासून पंचवीस वर्षं फ्रांक कास्टोर्फ संचालक होते आणि तो काळ रंगमंचावरच्या धाडसाचा होता. २०१७ मध्ये त्यांच्या जागी शहराने नेमलेले, लंडनच्या टेट मॉडर्नमधले क्रिस डेरकॉन आले. त्या सप्टेंबरात कलावंत आणि कार्यकर्त्यांच्या एका गटाने इमारत ताब्यात घेतली आणि ती सामूहिक व्यवस्थापनाकडे द्यावी अशी मागणी केली. आठवडाभराच्या आत पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं. डेरकॉन यांनी एप्रिल २०१८ मध्ये पद सोडलं आणि पुढचा संचालक म्हणून रेने पोलेश यांची निवड २०१९ मध्ये शहराच्या संस्कृती खात्याने केली. या नाट्यगृहाचे सभासद म्हणून ज्यांना मत विचारावं लागलं असतं, असं तेव्हा कोणीच नव्हतं.